मातृभाषेचा रकाना

सकाळी ९.१०

सोलापुरातून होटगीच्या रस्त्याला लागलं की आधी विमानतळाचं कुंपण येतं, मग कुमठ्याचा सिद्धेश्वर साखर कारखाना. विमानांच्या वाटेत येते म्हणून या कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. आणखी पुढे सिमेंटचा कारखाना, आणि लांब फताटेवाडीच्या अंगाला एनटीपीसीच्या वीजप्रकल्पाची धुराडी. तिथं ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात कोणाची मुलं बसतात, हे मला या रस्त्यावरच कळत जातं. सिमेंटच्या गोण्या भरणारे, राखेच्या बल्करवरचे ड्रायव्हर आणि क्लीनर, कारखान्याचे हंगामी कामगार, रुळांच्या कामावर ठेकेदाराकडे रोजाने जाणारे, आणि दोन-तीन एकर कोरडवाहू रानात तूर-ज्वारी करणारे. त्यांची मुलं माझ्याकडे असतात.

समोरून पिवळ्या बस येत असतात, सोलापूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे निघालेल्या. त्या बसमध्येही होटगीचीच मुलं असतात. मुलगा बसमध्ये आणि त्याची सख्खी बहीण जिल्हा परिषदेत, अशी घरं माझ्या ओळखीची आहेत. फी एकाचीच परवडते, आणि ती कोणाची भरायची हे घरात फार चर्चा न होता ठरतं. त्यामुळे माझ्या वर्गात मुली जास्त दिसतात. कुणी शाळेचा निकाल विचारला की मला ही बस आठवते. निकाल सांगण्याआधी शाळेत कोण उरलंय ते सांगितलं पाहिजे.

सकाळी ९.५०

होटगी दोन ठिकाणी वसलंय, एक गाव आणि एक स्टेशन. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गाला इथं विजयपूर-गदगचा फाटा फुटतो. तो फाटा पूर्वी मीटरगेज होता, त्यामुळे गाडी बदलायला माणसं इथं उतरत. गावात बृहन्मठाचा मान मोठा. घराघरांत कन्नड बोललं जातं, मुस्लिम वस्तीत दखनी, तांड्यावरून आलेल्या मुलांच्या घरी गोरमाटी. तेलुगू बोलणारी कुटुंबं आहेत, आणि अलीकडे कारखान्यांच्या आसऱ्यानं आलेली हिंदी-भोजपुरी बोलणारीही. शाळा मात्र मराठी माध्यमाची. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळाही आहेत आणि बालभारती त्यांच्यासाठी कन्नडमधून पुस्तकं छापते. पण बऱ्याच कन्नड घरांतले आईवडील मुलाला मराठीत घालतात. तलाठी, तहसील, दवाखाना, भरतीच्या परीक्षा, सगळं मराठीत चालतं. पुढचं बघून घेतलेला तो विचारपूर्वक निर्णय असतो.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतात. नातवाचा जातीचा दाखला काढायचाय, वडिलांच्या नावाचा जुना उतारा हवाय.

"अप्पा, साल काय असेल?"

"साल काय की बाई. गाडीला मीटरगेज होतं तवाचं."

मी कपाटातून जनरल रजिस्टर काढते. दाखल्यांच्या कामात तारखांना सोन्याचं मोल असतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीची नोंद सापडली तर घराचं नशीब उघडतं. गावात तेवढी जुनी सरकारी नोंद बहुधा शाळेतच मिळते. पानं पिवळी पडलीत, कडा हातानं तुटतात, टाकाची शाई तपकिरी झालीय. आम्ही पान उलटायला पट्टी वापरतो. अप्पांना हवं ते नाव सापडतं. जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू लिंगायत' लिहिलंय. वाणी हा शब्द नाही, त्यामुळे नातवाला ओबीसीचा दाखला मिळायला अडचण येणार, हे मला दिसतं. शंभर मुलांची नावं एका बैठकीत उतरवणाऱ्या कुणा गुरुजींनी जे सुचलं ते लिहिलं आणि तीन पिढ्या त्यावर अडकल्या.

त्याच पानावर आणखी एक रकाना आहे, मातृभाषेचा. पहिल्या ओळीत 'मराठी', आणि खाली पानाच्या तळापर्यंत दोन-दोन टिंबांच्या खुणा. वरच्यासारखंच, वरच्यासारखंच, वरच्यासारखंच. नावं बघितली तर निम्मी घरं कन्नड असणार हे उघड दिसतं. या रकान्यावर कुणाचा दाखला अडत नाही, म्हणून तो कुणी तपासला नाही. मला मात्र तो जातीच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सातवीतलं मूल गणितात का अडलं याचं उत्तर पुष्कळदा तिथं असायला हवं होतं. प्रवेशाचं काम माझ्याकडे आल्यापासून मी आईला विचारते, "लेकराशी घरी काय बोलता?" आणि ती सांगेल ते लिहिते.

सकाळी १०.३०

घंटा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. परिपाठ मुली चालवतात. बातम्या वाचणारी सहावीतली मुलगी स्पष्ट, थांबत, अल्पविराम सांभाळून वाचते. बाहेरून आलेला कोणताही अधिकारी खूश होईल असं वाचन. वाचून झाल्यावर मी तिला बाजूला घेते आणि पहिल्या बातमीत काय झालं ते विचारते. ती खाली बघते. तिच्या घरी भोजपुरी बोलतात. मराठी अक्षरं तिनं दीड वर्षात पक्की केली, कारण देवनागरी तिला आधीच येत होती. उच्चार येतात, अर्थ मागून येणार आहे. आमच्या तपासणीच्या तक्त्यात ती 'अस्खलित वाचन' या खान्यात बसते, आणि तिथं बसली की तिच्याकडे लक्ष द्यायची निकड संपते.

सकाळी ११.१५

सातवी. सरळव्याज. मी फळ्यावर उदाहरण लिहिते: १२,००० रुपयांचे द.सा.द.शे. ८ दराने ३ वर्षांचे सरळव्याज काढा.

मागच्या बाकावरचा मुलगा वहीत आकडे उतरवून थांबतो. बारा हजार, आठ, तीन. त्यांचं काय करायचं ते त्याला सुचत नाही. सूत्र पाठ आहे, विचारलं तर घडाघडा म्हणेल. शेजारचा मुलगा त्याच्याकडे वळून कन्नडमधून काहीतरी सांगतो. त्यातलं 'नूरक्के एंटु' मला कळतं, शंभराला आठ. मी मुद्दाम गप्प राहते. मुलगा डोकं वर करतो.

"वर्षाला, बाई?"

"वर्षाला."

तो तोंडी करतो. शंभराला आठ, तर हजाराला ऐंशी, बारा हजाराला नऊशे साठ, तीन वर्षांचे दोन हजार आठशे ऐंशी. सूत्र वापरलेलंच नाही. मी विचारते, असा हिशोब कुठं शिकलास? आईच्या बचतगटाची वही तो लिहितो. त्यांच्या गटात शंभराला महिन्याला दोन रुपये. मग मी तेच उदाहरण फळ्यावर वाढवते: गटाचा दर वर्षाला किती झाला? वर्ग गलका करतो. चोवीस. मागच्या बाकावरून आवाज येतो, "मग बँकच स्वस्त पडालीय की, बाई."

पुढचा अर्धा तास पुस्तक बाजूला राहतं. बँक कर्ज देताना काय मागते, गट का मागत नाही, गटाचं व्याज शेवटी गटातच राहतं म्हणजे कोणाकडे जातं, यावर मुलं मराठी, कन्नड, दखनी मिसळून बोलतात. वर्गात कन्नड बोलायची बंदी मी कधी घातली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की शक्य तितकं अध्यापन मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. मराठी माध्यमाच्या वर्गात एका शिक्षिकेनं ते पाळायचं तर मुलांना एकमेकांना शिकवू देणं, एवढाच मार्ग हाताशी असतो. आमच्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी यापुढचं काम केलं. तिथल्या मुलांची घरची भाषाही कन्नड. सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, मुलांच्या भाषेतला मजकूर आणि ध्वनी त्यामागे ठेवला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा जिल्ह्यात पेढे वाटले गेले. सगळ्यांनी क्यूआर कोडची गोष्ट उचलली. ती मुलं कन्नड बोलणारी होती आणि म्हणून ते करावं लागलं, हा भाग मात्र सत्काराच्या भाषणांत मागे राहिला.

दुपारी १.३०

पोषण आहार. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, असं प्रमाण ठरलेलं आहे. वरच्या वर्गांसाठी रोज ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. स्वयंपाक करणाऱ्या मावशी गावातल्याच. मसालेभातावर शेंगाचटणी घरून आणून टाकायची मुलांची सवय त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या तिखट बेतानंच घालतात. अंडी द्यायचा निर्णय २०२३ मध्ये झाला तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळं ठेवलं होतं. लिंगायत घरांतली मुलं केळ्याच्या रांगेत, बाकीची अंड्याच्या. दोन रांगा लागल्या, पण कुणी कुणाला हसलं नाही. पंगत एकच बसली. शहरातल्या शाळांत हे इतकं सहज घडलं असतं का, मला शंका आहे.

सोमवारी आहार जास्त शिजवावा लागतो. का, ते मावशींनीच सांगितलं. रविवारी बऱ्याच घरी दुपारची चूल पेटत नाही.

दुपारी २.१५

मधल्या तासिकेत निकालाचा तक्ता घेऊन बसते. वर्षातून तीन चाचण्या, पायाभूत आणि दोन संकलित. विषय प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. कन्नड बोलणाऱ्या घरातली मुलगी, भोजपुरी बोलणारा मुलगा आणि मराठी घरातलं मूल, तिघंही 'प्रथम भाषा' म्हणून मराठीचीच उत्तरपत्रिका सोडवतात. गुण केंद्रावर जातात, केंद्रावरून बीटला, तालुक्याला. तक्त्यात मुलगे-मुली वेगळे दाखवता येतात, सामाजिक प्रवर्ग दाखवता येतात. घरची भाषा दाखवायला जागा नाही. खरं तर यूडायस या शाळांच्या माहितीप्रणालीत आम्ही प्रत्येक मुलाची मातृभाषा भरतो. माहिती एकीकडे, निकाल दुसरीकडे, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

४ डिसेंबर २०२४ ला देशभर मुलांना किती येतं हे तपासणारं परख सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववी. तिसरीत देशाची सरासरी भाषेला ६४ टक्के आणि गणिताला ६०. सहावीत भाषेला ५७ आणि गणिताला ४६. हे आकडे देशाचे असले तरी यातला उतार मला माझ्या वर्गात रोज दिसतो. चौथीपर्यंत पुस्तकात आंबा, बाजार, आजी, पाऊस असतात. मूल ते घरच्या भाषेतून मराठीत आणू शकतं, कारण ती वस्तू त्यानं पाहिलेली असते. वरच्या इयत्तांत पुस्तक बाष्पीभवन, गुणोत्तर, सममूल्य अपूर्णांक, विकिरण असं बोलायला लागतं. त्यातला एकही शब्द घरातून येत नाही, मराठी घरातूनही नाही. पण मराठी घरातल्या मुलाला त्या शब्दाच्या आजूबाजूचं वाक्य तरी कळतं. कन्नड, गोरमाटी, भोजपुरी घरातल्या मुलाला शब्द आणि वाक्य दोन्ही एकदम सर करायची असतात. पाचवीपर्यंत बरा दिसणारा निकाल सहावी-सातवीत खाली येतो तो इथं. त्याचा दोष मुलाच्या बुद्धीवर जातो, नाहीतर प्राथमिकच्या शिक्षकांवर.

मी तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं माझा वेगळा तक्ता करते. घरची भाषा, या शाळेत कोणत्या इयत्तेपासून, मागच्या वर्षी किती महिने हजर. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल मार्चमध्ये परत येतं आणि एप्रिलमध्ये परीक्षा देतं. त्याच्या गुणांना मी 'अप्रगत' म्हणत नाही. पहिलीपासून सलग आलेली कन्नड घरातली मुलं सातवीत मराठी मुलांच्या बरोबरीला येतात, काही पुढेही जातात. दोन-दोन भाषांत विचार करायची त्यांना सवय असते. मध्येच दाखल झालेली मुलं मागे राहतात, मग घरची भाषा कोणतीही असो. माझ्या छोट्या वर्गावरून जिल्ह्याचं अनुमान मी काढणार नाही, पण जिल्ह्यानं हाच तक्ता एकदा करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

दुपारी ३.३०

आठवी. एनएमएमएसची तयारी. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. आकृत्यांचे, क्रमाचे, आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न माझी मुलं झपाट्यानं सोडवतात. तिथं वाक्य लहान असतं. शालेय क्षमतेत प्रश्नच चार ओळींचा आला की वेग पडतो. म्हणून रोज शेवटची पंधरा मिनिटं आम्ही उत्तर काढतच नाही. प्रश्न वाचायचा, काय दिलंय आणि काय विचारलंय ते आपल्या भाषेत शेजाऱ्याला सांगायचं. गुण वाढवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

दुपारी ४.४५

एक आई भेटायला येते, डोक्यावर पदर, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. मुलगी आठवीत. पुढची शाळा लांब पडते, म्हणून पुढं नको, असं घरात चाललंय.

"ती हुशार आहे का, बाई? खरं सांगा."

मी वही दाखवते. मुलीचं गणित तिला वाचता येत नाही, पण बरोबरच्या खुणा कळतात. एसटीचा मुलींना मोफत पास असतो, तो अर्ज शाळेतूनच होतो हे मी सांगते. शिष्यवृत्तीचे पैसे मुलीच्याच खात्यावर येतात हेही. पिशवीतल्या शेंगा ती टेबलावर ठेवते आणि म्हणते, "ह्यास्नी तुम्ही येऊन सांगा. माझं ऐकायचे नाहीत." मी रविवारी सकाळी जाणार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सोलापूर जिल्ह्यातल्या विशीतल्या दर दहा मुलींपैकी जवळपास चौघींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आठवीच्या निकालपत्रकात हे कुठंच येत नाही. तिथं मुलगी 'उत्तीर्ण' असते. पुढच्या जूनमध्ये ती कुठे आहे, हा माझ्या लेखी आठवीच्या निकालाचाच भाग आहे, आणि आम्ही तो मोजत नाही.

संध्याकाळी ५.३०

मुलं गेली. आता मोबाइल. आहाराची संख्या, आधार न जुळलेल्या मुलांची यादी, वरून मागवलेली दोन पत्रकं, तीही आजच्या आज. कुणाच्या आधारवर नाव कन्नडमधून मराठीत येताना बदललंय, कुणाची जन्मतारीख जुळत नाही. नावातल्या एका वेलांटीवरून मूल शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत धरलं जात नाही, आणि मूल धरलं नाही तर शिक्षकाचं पद हलतं. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीला पट विसाच्या खाली गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. म्हणजे पिवळ्या बसमध्ये चढलेलं एकेक मूल मागे राहिलेल्या मुलांचा गणिताचा शिक्षकही सोबत नेऊ शकतं. बसमध्ये घालणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. पण इथं राहिलेल्या मुलांची त्यात काही चूक नाही, आणि त्यांना शिकवायला माणूस असलाच पाहिजे.

फाटकावर कोळशाची मालगाडी आडवी येते. वीजप्रकल्पाकडे चाललेली. गाडी सावकाश सरकते आणि त्या वेळात मी उद्याचा विज्ञानाचा पाठ डोक्यात मांडून घेते.

रात्री ९.००

उद्या केंद्राची शिक्षण परिषद आहे. विषय नेहमीचा, संकलित चाचणीच्या निकालाचं विश्लेषण आणि कमी निकालाच्या शाळांचा कृतिआराखडा. मी दोन पानं लिहून ठेवलीत. केंद्रातल्या प्रत्येक शाळेनं यूडायसमधली मातृभाषा आणि सलग हजेरीची वर्षं, हे दोन रकाने चाचणीच्या तक्त्याला जोडावेत. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानातले शब्द मराठी, कन्नड, हिंदी असे समोरासमोर छापून वर्गात लावावेत. कन्नड माध्यमाच्या शाळेतले गुरुजी केंद्रातच आहेत, त्यांना मदतीला घ्यावं. याला वेगळा निधी लागत नाही, झेरॉक्सपुरते पैसे शाळा अनुदानात असतात. पहिला तक्ता आमच्या शाळेचा असेल, तो मी शाईनं पुन्हा उतरवून घेतलाय. कन्नड गुरुजींना आत्ताच फोन झाला. सातवीच्या पहिल्या चार प्रकरणांचे शब्द ते शनिवारपर्यंत देतो म्हणालेत.